'मॉरल चॉइस'ला मराठीत काय म्हणावं?

खारीक:
व्हिडिओ गेमवरचा एक लेख मराठीत आणतेय, 'मॉरल चॉइस'वर अडलंय. 'नैतिक निवड' लिहिलं, तर भाऊ म्हणतो निवड समितीवर होते. 'धर्मसंकट' फार मोठं वाटतं. प्रसंग 'पेपर्स, प्लीज' (२०१३) मधला. आपण सीमेवरच्या नाक्यावर कागद तपासतोय. एका नवऱ्याचे कागद चोख आहेत. जाता जाता तो सांगतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. शिक्का कुठला मारायचा?

अंकलिपी:
धर्मसंकटच. नोकरीचा धर्म एकीकडे, माणुसकीचा दुसरीकडे. मोठं काय त्यात? एका दिवशी दोन लग्नांची आमंत्रणं आली तरी आजी धर्मसंकट म्हणायची.

पैलवान_नातू:
'पेच' म्हणा. आजोबा तालमीत शिकवायचे, पेच समोरचा टाकतो, आपण सोडवायचा. इथेही टाकणारा आहेच. या खेळात दिवसाच्या पहिल्या दोन चुकांवर नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून पगार कापतात. म्हणजे रोज दोनदा दया फुकट. मी त्या बाईला सोडलं, पण त्याआधी आज किती चुका झाल्यात ते आठवून पाहिलं. घरी पोरगा आजारी, भाडं थकत आलेलं. तो हिशोब माझ्या डोक्यात खेळ बनवणाऱ्यानेच घातला होता, आणि हे फार उशिरा लक्षात आलं.

अंकलिपी:
'पेच' फारसी आहे. 'नीती' सोडू नका. 'नी' म्हणजे नेणे, नेता आणि नायक त्याच धातूचे. खेळ आपल्याला कुठे नेतो, हे त्या शब्दातच आहे.

गवती_चहा:
कागद, परवाना, शिक्का हेही फारसी-अरबीतूनच आले. ते काढले तर खारीकताईंचा प्रसंग मराठीत सांगताच येणार नाही. आणि प्रत्येक खेळाला धर्मसंकट म्हणू नका. 'बायोशॉक' (२००७) मध्ये लहान मुलीचा जीव घेऊन तिच्यातलं 'ॲडम' (खेळाडूला नव्या शक्ती मिळवून देणारं द्रव्य) काढलं तर १६० मिळतं, तिला वाचवलं तर ८०. पण दर तीन मुली वाचवल्या की वर २०० भेट. तिघींचे ४८० की ४४०? चांगुलपणा जवळजवळ फुकटात पडतो. यात संकट कुठलं?

खारीक:
मग 'निवड' अशाच खेळांना शोभेल. आई तांदूळ निवडायची तेव्हा खडा आधीपासून खडाच असायचा, आपण फक्त ओळखायचा. 'मास इफेक्ट' या खेळात तसंच, भलेपणाला आधीच निळा रंग दिलेला आणि दांडगाईला लाल.

पैलवान_नातू:
पटलं. पण आमच्याकडे भाजी निवडतात, तांदळातले खडे वेचतात.

अंकलिपी:
वेचतात ती फुलं. खडे निवडतातच.

गवती_चहा:
आमच्या घरी दोन्ही म्हणतात. सासूबाई परातीत हात फिरवत 'तांदूळ बघते' म्हणायच्या. 'बघणे' या अर्थी आणखी कुणी ऐकलंय का?

खारीक:
लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'पेच' ठेवतेय.

अंकलिपी:
'पेच' नको हो. रात्री सविस्तर लिहितो.