खायचा नाही, तर मस्की पकडायचाच कशाला?

बांगडेवाला:
मूळचा मालवणकडचा, सध्या मुक्काम अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. जून उजाडला की आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं मस्कीच्या, म्हणजे तळ्यांतल्या एका मोठ्या शिकारी माशाच्या, नादाला लागतात. हातभर लांबीचं रबरी नाहीतर लाकडी आमिष, त्याला तीन तोंडांचे गळ, आणि ते दिवसभर फेकत राहायचं. दहा हजारदा फेकावं तेव्हा एक मस्की लागतो, अशी इथली म्हणच आहे. लागला की दमवायचा, कवेत धरून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.

बहुतेक तळ्यांत ५४ इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही. पण त्याहून मोठा मिळाला आणि कोणी घरी नेला, तर बाकीचे त्याच्याशी बोलणं टाकतील. मला हे पटत नाही. मस्कीचा धाकटा भाऊबंद नॉर्दर्न पाइक पकडा, खा, माझी काही हरकत नाही. पण नुसत्या फोटोसाठी जिवाच्या जबड्यात गळ रुतवायचा? २०२१ च्या नोव्हेंबरात मिल लॅक्स तलावात ५५ पौंड १४.८ औंसांचा मस्की मिळाला आणि १९५७ चा ५४ पौंडांचा राज्यविक्रम मोडला. पकडणाऱ्याने तो सोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मासा काही पोहेना, मेला. वजन झालं ते त्यानंतर. विक्रमाचा आनंद झाला असेल, पण मरण फुकटच ना?

आठचा_आकडा:
बांगडेवाले, तुमचा हिशेब समुद्राचा आहे. बांगड्याचे थवे येतात, मस्की एकटा दबा धरून बसतो. चांगल्या तळ्यातही एकरामागे एक मोठा मस्की भरत नाही. पन्नास इंची मादी व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. अशी एक मादी तुम्ही खाल्लीत, तर तिची जागा भरायला तुमचं पोर शाळा संपवेल.

सोडायची पद्धत आधी नव्हतीच. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात एके काळी मस्की होडीजवळ आला की पिस्तूल काढून गोळी घालत आणि ते कायदेशीर होतं. मस्कीज इंक ही संस्था १९६६ मध्ये निघाली, तिने पकडून सोडण्याची सवय लावली. आज आम्ही मासा जाळ्यातच, पाण्याखाली ठेवतो. लांब पक्कड, आणि गळ निघत नसेल तर तो छाटायला कटर, दोन्ही हाताशी. जबड्याला धरून उभा टांगत नाही. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्कीच्या वाटेला जात नाही, कारण गरम पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. एवढं करूनही काही मरतात, मान्य. पण सगळे खाल्ले तर सगळेच मरतात.

नेकारकाठ:
जर्मनीत राहतो. इथे रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं हा गुन्हा आहे, आणि ‘मजा आली’ हे कारण धरत नाहीत. परवान्याआधी परीक्षा असते. त्यात मासा बेशुद्ध करून झटकन कसा मारायचा हेही शिकवतात. मापाखालचा किंवा बंद हंगामातला पाइक सोडावाच लागतो, पण मापात बसला की ताटात. शेजारी स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच इराद्याने मासेमारी करायला बंदी आहे. तरी इथले पाइक संपले नाहीत हो!

आठचा_आकडा:
पाइक संपणार नाहीच, तो तणासारखा वाढतो. मस्कीला तुमचं माप लावून चालणार नाही.

घाटावरचा_बोका:
खाणंपिणं बाजूला राहिलं! पाइकच्या मांसात इंग्रजी Y च्या आकाराचे काटे असतात, म्हणून इथले गोरे नाकं मुरडतात. पाल्याचे आणि भिंगाचे काटे काढत मोठे झालेल्यांनी त्याला नावं ठेवू नयेत. पाठीकडून चिरून काट्यांची रांग काढा, आलं-लसूण, कोकम, रवा. खवल्यांवरचा चिकट थर मात्र आधी मिठाने चोळून घालवा.

वाळणकोंड:
आमच्या महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीत महाशीर आहेत. देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी गळ लावत नाही, खात नाही, लोक चुरमुरे टाकतात. राखायचंच असेल तर असंही राखता येतं. ‘मी त्याला वाचवतो, म्हणून आधी त्याला गळ टोचतो’ हे तर्कट मला झेपत नाही.

आठचा_आकडा:
भाऊ, एक डोह श्रद्धेवर राखता येतो. हजारो तळ्यांना पैसा लागतो. अमेरिकेत रॉड, रीळ, आमिषं यांवर कर आहे, १९५० च्या कायद्याने तो राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे जातो. शिवाय परवान्याची फी. मस्कीची पिल्लं वाढवून तळ्यांत सोडतात ती त्यातून. लोणावळ्याच्या वळवणला टाटा पॉवर महाशीरची पिल्लं वाढवतं, तेही देवीच्या नावावर नव्हे.

तळ्याकाठी_घर:
पिल्लं सोडतात, तिथेच आमचं दुखणं आहे! आमच्या तळ्यात मस्की आणले आणि वॉलाय, म्हणजे आमचा खायचा आवडता मासा, मिळेनासा झाला.

आठचा_आकडा:
विस्कॉन्सिनात मस्कींची पोटं तपासली, त्यांत मुख्यतः पर्च आणि सकर हे मासे निघाले, वॉलाय क्वचितच. तुमच्या तळ्यात कारण वेगळं असेल.

आणि बांगडेवाले, पाइकचंच बघा. मध्य-उत्तर मिनेसोटात लोकांनी वर्षानुवर्षं मोठे पाइक खाल्ले, बारके सोडले. तळी बारक्यांनी भरली. इथे त्यांना हातोडीचे दांडे म्हणतात. शेवटी २०१८ पासून नियम आला: दहा पाइक न्या, पण २२ ते २६ इंचांमधला प्रत्येक सोडा, २६ वरचे दोनच. म्हणजे सरकारच सांगतंय की बारके खा, मोठे राखा. खाणं की सोडणं यापेक्षा कुठला खाता हे जास्त महत्त्वाचं.

बांगडेवाला:
पाइकचं पटलं, उद्यापासून बारके आणतो. मस्कीचं नाही पटलं. तुम्ही माशांच्या संख्येबद्दल बोलताय, मी त्या एका माशाबद्दल. तुमचं खरंच प्रेम असेल तर तीन तोंडांऐवजी एका तोंडाचा गळ लावा, त्याचा उलटा काटा पक्कडीने चेपा. नियमच करा तसा. किती जण तयार होतील?

आठचा_आकडा:
मी काटे चेपतोच. तीन तोंडं मात्र सोडवत नाहीत, निम्मे मासे होडीजवळ येऊन निसटतील.

नेकारकाठ:
निसटले तर बिघडलं काय? नाहीतरी सोडणारच होतात ना?