उर्दू खासरा पत्रकातली ‘कुणबी’ नोंद : वाचन कोणाचं चालतं?

नमस्कार मंडळी, कुणबी (ओबीसी) जात प्रमाणपत्रासाठी मदत हवी आहे. गाव बीड जिल्ह्यात. पणजोबांच्या नावाचं निजामकाळातलं खासरा पत्रक (शेतजमिनीच्या नोंदीचा महसुली कागद) सापडलं, साल १३५० फसली, म्हणजे १९४०-४१. जातीच्या रकान्यात उर्दूत ‘कुनबी’ आहे, पण शाई उडाल्यामुळे नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नीट दिसत नाहीत. गावातल्या मौलवीसाहेबांनी भिंगाखाली दोनदा वाचून ‘कुनबीच’ म्हणून सांगितलं. वडिलांच्या टीसीवर मात्र ‘मराठा’ आहे. एकाच घराण्याला सरकारदप्तरी दोन नावं!

ओबीसी दाखल्याला पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो, आपली नोंद त्याआधीची आहे, त्यामुळे तारखेची अडचण नाही. प्रमाणित नक्कल काढलीय, वंशावळीचं प्रतिज्ञापत्रही केलंय. अर्ज परत आला तो दोन कारणांनी: भाषांतर अधिकृत नाही आणि पणजोबा-आजोबा नात्याला कागद नाही. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्यामुळे शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळणार नाही. वारसाचा फेरफार तलाठ्याकडं शोधला, त्या वर्षांची पानं वाळवीनं खाल्लीत. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर अजून पाहिलेलं नाही.

मुलीच्या प्रवेशासाठी पुढं व्हॅलिडिटीही (जात वैधता प्रमाणपत्र) लागणार, म्हणून एजंटाचा रस्ता नको. कागद पक्काच हवा. चुलत घराण्यात अजून कोणाचं प्रमाणपत्र निघालेलं नाही.

मराठवाड्यात ज्यांचं असं काम झालंय त्यांनी सांगा: उर्दू नोंदीचं कोणाचं भाषांतर ग्राह्य धरलं? आणि फेरफार नसताना पणजोबा-आजोबा नातं कोणत्या कागदावर सिद्ध झालं?