जुनी एस्टीम: नागपुरात पूर्ण स्टेनलेस सायलेन्सर करायचाय, सल्ला हवा

वर्धारोडवाला
गाडी मारुती एस्टीम, 2004, एमपीएफआय, पासिंग एमएच-31. मागचा मफलर (आवाज दाबणारा डबा) तळातून सडला आहे आणि मधल्या पाइपावर नुसती ठिगळं उरलीत. साध्या पत्र्याचा परत बसवायचा नाही. कन्व्हर्टरपासून (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यापासून) मागपर्यंत स्टेनलेस करायचं आहे. ग्रेड कोणती घ्यावी, पाइप किती इंची, काम कुणाकडे द्यावं? आवाज वाढवायचा नाही.

इतवारीकर
304 घ्या. 316 वर पैसे घालू नका, आपल्याकडे खारी हवा नाही. खरा धोका 202 चा आहे. रेलिंग-गेटसाठी तोच पाइप सर्रास विकला जातो, चकाकी सारखीच, आणि लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही. म्हणून चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मँगनीज ओळखणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं. पाइप घासून एक थेंब टाका आणि बाटलीवरच्या रंगाशी जुळवा. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

जाडी दीड मिमी हवी. पावणेदोन इंची पाइप दीड मिमीचा असेल तर मीटरला साधारण 1.6 किलो भरतो, 1.2 मिमीचा असेल तर 1.3 किलो. लोहा ओळीत वजन करूनच माल देतात, तेव्हा तिथेच कळतं.

साइजचं म्हणाल तर जुना पाइप व्हर्नियरने मोजा आणि तेवढाच किंवा फार तर एक पायरी मोठा घ्या. 1.3 लिटरच्या इंजिनाला दोन इंची पाइप लावला की गॅसचा वेग मंदावतो. खालच्या आरपीएमला गाडी ढिली वाटते आणि आवाज मात्र वाढतो. बेंड तयार, मँड्रेलवर (आत दांड्याचा आधार देऊन) वाकवलेले घ्या. आतून आधार न देता वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो.

टिगटॉर्च
काम कुणाला द्यायचं हे एकाच प्रश्नावरून ठरवा: "वेल्ड करताना पाइपच्या आतून आर्गॉन गॅस सोडता का?" नाही म्हणाला तर पुढे चला. बाहेरून वेल्ड कितीही सुरेख दिसला तरी आतून हवा लागली की मुळाशी काळे, खरबरीत दाणे उमटतात. पुढे तडा बरोबर त्याच्या कडेने जातो. दुधाच्या आणि औषधांच्या पाइपलाइनी करणाऱ्यांना ही सवय असते. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत असा फॅब्रिकेटर शोधा, सायलेन्सरच्या दुकानात शोधू नका.

पद्धत अशी: तुकड्याची दोन्ही तोंडं अॅल्युमिनियम टेपने बंद करायची, एकीकडून मिनिटाला 6 लिटर आर्गॉन, दुसरीकडे बारीक भोक. मीटरभर पाइपात जेमतेम 1.4 लिटर हवा मावते, त्यामुळे दीड-दोन मिनिटं थांबलं की पुरे. फिलर (जोडात वितळवायची तार) 308एल. साध्या लोखंडी फ्लँजला (बोल्टने जोडायच्या चकतीला) जोडताना 309एल, तिथे 308 वापरला तर जोड ठिसूळ होतो.

आणि भाऊ, जुना सायलेन्सर कापून भंगारात देऊ नका. साचा तोच आहे. गाडी रॅम्पवर चाकांवर उभी ठेवून, हँगरचे नवे रबर लावून, गाडीखाली फक्त टॅक (वेल्डचे छोटे टिपके) मारायचे. मग सगळं उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड. टॅक मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा, अर्थ क्लँप वेल्डच्या शेजारीच लावा.

वर्धारोडवाला
गॅरेजवाले म्हणून राहिले की फ्लेक्स जॉइंटची (पाइपातल्या लवचिक जोडाची) गरज नाही, सरळ पाइप जोडून देतो. खरंय का?

इतवारीकर
मुळीच नाही. एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, गॅस दिला-सोडला की पुढे-मागे डुलतं. त्यात 304 साध्या लोखंडापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं. तीन मीटर पाइप 300 अंशांनी तापला तर 15 मिमीच्या आसपास लांबतो. ही हालचाल झेलायला काही नसेल तर मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या भागाचे) स्टड किंवा पहिला वेल्ड तुटणार. तुमच्या जुन्या सिस्टीमला स्प्रिंग-बोल्टचा गोल जॉइंट असेल तर तो तसाच ठेवा, फक्त रिंग नवी टाका. नसेल तर आतून जाळी असलेला फ्लेक्स लावा. मागची चाकं लोंबकळती ठेवूनही एकदा बघा, पाइप कुठे घासत नाही ना. पेट्रोल टाकी आणि ब्रेक पाइपपासून किमान बोटभर अंतर हवं.

महालकर
आवाजाबद्दल. मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) काढू नका, कुणी कितीही सांगो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन धक्के बसतात, म्हणजे 2500 आरपीएमला 83 हर्ट्झ. वर्धा रोडवर टॉप गिअरला गाडी नेमकी त्याच पट्ट्यात चालते आणि केबिनमध्ये घुमारा उठतो. रेझोनेटर काढून तो पाइपाला जोडलेल्या, टोक बंद असलेल्या नळीने मारायचा तर नळी सव्वा मीटरहून लांब लागेल. एस्टीमखाली तेवढी जागा नाही.

मागे कप्प्यांचा मफलर घ्या. सरळ छिद्रांचा, काचलोकर भरलेला घेतला तर लोकर हळूहळू उडते आणि आवाज चढतो. मफलरच्या सर्वांत खालच्या बिंदूला 3 मिमीचं भोक ठेवायला सांगा. रोज धरमपेठ ते सीताबर्डी एवढंच अंतर असेल तर मफलर पुरता तापतच नाही, आत पाणी साचतं, आणि मूळ मफलर आतून सडतो तो त्यामुळेच.

एमएच49
कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागचे हलवू नका. सेन्सरच्या आधी एखादा फ्लँज गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो आणि पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वर जातो. बीएस-2 पेट्रोल गाडीला आयडलिंगवर 0.5 टक्क्याची मर्यादा आहे, ती अशा गळतीने सहज ओलांडली जाते. मूळच्यापेक्षा मोठा आवाज झाला तर चलान होऊ शकतं, आणि 15 वर्षांपुढच्या गाडीला नूतनीकरणाच्या तपासणीतही अडचण येते.

टिगटॉर्च
एक राहिलं. सगळं एकसंध वेल्ड करून घेऊ नका, फ्लँज देऊन तीन तुकडे करा: पुढचा पाइप, रेझोनेटर, मफलर. पुढे क्लचचं काम निघालं की कापाकापी वाचते. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट तापून जाम बसतो, म्हणून नट पितळी घ्या आणि कॉपर ग्रीस लावा. मॅनिफोल्डच्या जुन्या स्टडवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. थंडे असताना पान्याने जोर लावला तर तुटतातच.