ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर (धातू शोधणारं मशीन) सारखा का ओरडतो?

प्रश्न: कोरड्या वाळूत माझा सिंगल फ्रिक्वेन्सी (एकाच वारंवारितेवर चालणारा) डिटेक्टर छान चालतो. ओहोटीच्या रेषेकडे गेलं की नुसता कलकलाट. आईची अंगठी तिथेच पडलीय, जीव तुटतो. मशीन बदलू का?

उत्तर १: मशीन बिघडलेलं नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून कॉइलला (मशीनच्या खालच्या गोल शोध-चकतीला) ओली वाळूच धातूसारखी भासते. सेन्सिटिव्हिटी (संवेदनशीलता) उतरवा, ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वगळण्याची जुळणी) ओल्या वाळूवरच करा, कॉइल एकाच उंचीवर सावकाश फिरवा. नवं घ्यायचंच तर मल्टी फ्रिक्वेन्सी (अनेक वारंवारिता वापरणारं) मशीन घ्या.

उत्तर २: पल्स इंडक्शन (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारं) मशीन खाऱ्या वाळूत शांत चालतं, पण लोखंड नीट वेगळं करत नाही, खिळे उपसावे लागतात. आणि डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळण्याची सेटिंग) वाढवू नका हो! बारीक सोन्याचा सिग्नल फॉइलसारखाच येतो, तोही गाळला जाईल.

प्रश्नकर्ता: सेन्सिटिव्हिटी उतरवली, बराच शांत झाला. उद्या ओहोटीला पुन्हा जातो.