फोटो फक्त माझ्याच लॅपटॉपवर दिसतोय!

राजवाड्याजवळची: आईच्या रेसिपींची वेबसाइट बनवली, पहिलीच, एचटीएमएल (वेबपेज लिहायची भाषा) यूट्यूबवर बघून शिकले, गिटहब पेजेसवर (तिथे फुकटात साइट ठेवता येते) टाकली पण फोटोच येत नाहीये, लॅपटॉपवर तर मस्त दिसतो, काय चुकतंय?

पोहेजलेबी: फोटोचा पाथ, म्हणजे तो कुठे ठेवलाय तो पत्ता, तुझ्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हपासूनचा दिला असशील, तो गिटहबच्या सर्व्हरला काय कळणार. फोटो इंडेक्स फाइलच्याच (साइटचं पहिलं पान) फोल्डरमधे ठेव नि नुसतं फाइलचं नाव लिही.

रामबागवाला: स्पेलिंग पण बघ. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल एकच, गिटहबवर नाही. माझे दोन दिवस गेले होते ह्यात, शेवटी काय तर फोटोच्या नावाशेवटचं जेपीजी कॅपिटलमधे!

राजवाड्याजवळची: तेच होतं दादा!! दिसला. डोमेन (साइटचा स्वतःचा पत्ता) विकत घेऊ का आता?

पोहेजलेबी: कशाला, फुकटचा पत्ता चालतोय की. आधी चकलीचं प्रमाण टाक, सगळीकडे "अंदाजाने" लिहिलंय 😄