मदत हवी आहे: डीसीटी गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? (पुणे)

नमस्कार. निर्णयाला अठराच दिवस उरलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही धायरीला राहतो. गाडी टर्बो पेट्रोल, डीसीटी ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. कंपनीची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. किलोमीटर जेमतेम २७,००० झालेत, पण पुढच्या महिन्यात तीन वर्षं भरतात. चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी शोरूमने जीएसटी धरून २६,८०० रुपये सांगितलेत. मूळ वॉरंटी संपायच्या आतच घ्यावी लागेल, असं म्हणून रोज फोन येतो.

भाऊ म्हणतो, वर्षाला नऊ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला काय होतंय? पण ते नऊ हजार कुठले, ते त्याला माहीत नाही. बाबा ७४ वर्षांचे आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस असतं. सकाळी धायरीहून निघायचं, सिंहगड रोड, राजाराम पूल, म्हात्रे पूल करत डेक्कनला पोचायचं आणि दुपारी त्याच वाटेने परत. अर्धा वेळ गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. गेल्या एप्रिलमध्ये परत येताना डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वीस मिनिटं थांबले. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. डायलिसिस झाल्यावर त्यांच्यात बोलायचंही त्राण नसतं. सर्व्हिस सेंटरने नंतर स्कॅन करून ‘काही एरर नाही’ म्हणून गाडी परत दिली. तेव्हापासून प्रत्येक सिग्नलला माझं लक्ष त्या दिव्याकडे असतं.

वॉरंटीच्या बाबतीत एकदा पोळलेय, तेही सांगते. आधीच्या गाडीला डीलरने वॉरंटी दिली होती. मला वाटलं कंपनीचीच आहे. चौथ्या वर्षी एसी कॉम्प्रेसर गेला तेव्हा कागद नीट वाचला, तर ती वेगळ्याच संस्थेची निघाली. त्यांनी क्लेम नाकारला, कारण एक सर्व्हिस दोन महिने उशिरा झाली होती. ती सर्व्हिस एप्रिल २०२० मध्ये यायची होती. सगळं बंद होतं, गाडी न्यायची कुठे? ३१,००० रुपये आम्ही भरले. पैशांपेक्षा ‘तुम्हीच चुकलात’ हे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून यावेळी आधी अटींची पुस्तिका मागितली. तीन दिवस नुसतं रंगीत पत्रक पाठवत होते, ‘इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकल सगळं कव्हर’. हट्ट धरल्यावर पुस्तिका मिळाली. ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी, बल्ब, फिल्टर, रबरी बुश यातलं काही मिळणार नाही. ते ठीक, घासणारे भाग घासणारच. पण त्याच यादीत नुसतं ‘क्लच’ असं लिहिलंय. माझ्या गाडीत क्लच गिअरबॉक्सच्या आतच आहे. मग तो गिअरबॉक्स म्हणून धरायचा की घासणारा भाग म्हणून? शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, होऊन जाईल.’ होऊन जाईल म्हणजे काय होईल?

डीसीटी गाडी चार-पाच वर्षं शहरात चालवलेल्यांनी कृपया सांगा, खर्च नेमका कशावर आला? आणि इतक्या कमी रनिंगला ही रक्कम भरण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता ते काम सोडलंय. तुमचा क्लचचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे.

डीसीटीत दोन क्लच असतात आणि ते दाबायचं-सोडायचं काम ड्रायव्हरच्या पायाऐवजी यंत्रणा करते. त्या यंत्रणेचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आणि ॲक्च्युएटर (क्लच प्रत्यक्ष दाबणारा-सोडणारा भाग) हे महागडे भाग. ते बिघडले तर सहसा वॉरंटीत बसतात. क्लचचं अस्तर झिजलं तर बहुतेक ठिकाणी ‘वेअर अँड टेअर’ म्हणून हात वर करतात. त्यामुळे ‘गिअरबॉक्स कव्हर आहे का’ असं विचारू नका. क्लच असेंब्ली, ॲक्च्युएटर, कंट्रोल युनिट अशी एकेका भागाची नावं घालून ईमेल करा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. तोंडी ‘हो’ला क्लेमच्या दिवशी किंमत नसते.

तुमचा क्लच कोरडा असेल तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो लवकर तापतो, कारण त्याला थंड ठेवायला तेल नसतं. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच आपणही सरकायचं, हे टाळा. चार-पाच फूट मोकळे होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. नवले पुलाच्या उतारावरून वर येणाऱ्या रांगेत लोक नेमकं हेच करतात आणि मग जळका वास आला म्हणून आमच्याकडे यायचे.

एप्रिलच्या त्या इशाऱ्याचं जॉबकार्ड, म्हणजे गाडी देताना तक्रार आणि काम लिहून घेतात तो कागद, आहे का? त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली हवी. नसेल तर मूळ वॉरंटी संपायच्या आत गाडी पुन्हा दाखवा आणि नोंद करून घ्या. पुढे तोच दोष निघाला तर तो मुदतीतला आहे हे दाखवायला तो कागद लागेल. वॉरंटी घ्या किंवा नका घेऊ, हे काम आधी करा.

प्रतिसाद २

माझं मत तुमच्या भावापेक्षा जरा वेगळं आहे. साधी मॅन्युअल गाडी असती तर घेऊ नका म्हणालो असतो. आम्ही दोन गाड्यांना घेतली नाही आणि ते पैसे बाजूला ठेवले. पाच वर्षांत त्यातला निम्माही खर्च झाला नाही. डीसीटीला मात्र एकच बिघाड सगळा हिशोब उलटवतो. घेणार असाल तर वॉरंटी कंपनीचीच आहे ना, पुण्याबाहेरच्या सर्व्हिस सेंटरला चालते ना आणि गाडी विकली तर नव्या मालकाच्या नावावर होते ना, एवढं बघा.

प्रतिसाद ३

तुम्ही सिंहगड रोडच्या बाजूला आहात म्हणून लिहितेय. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत आमच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. पाण्याने इंजिन गेलं तर वॉरंटीचा काही संबंध नसतो, तो विम्याचा विषय. विम्यातही इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. उंदरांनी वायर कुरतडल्या तरी वॉरंटीतून काही मिळत नाही.

आणि ताई, वॉरंटी दुरुस्तीचे पैसे देईल, पण पार्ट यायला दहा दिवस लागले तर मंगळवारी बाबांना कोण नेणार? माझ्या सासऱ्यांचंही डायलिसिस होतं, त्यामुळे हा प्रश्न मला आधी दिसला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. मला भीती पैशांची आहे असं मी धरून चालले होते. खरी भीती बाबा पुन्हा रस्त्यात अडकतील ही आहे आणि ती २६,८०० रुपयांनी जाणार नाही.

एकेका भागाचं नाव घालून ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं: कंट्रोल युनिट आणि ॲक्च्युएटर कव्हर आहेत, क्लचची झीज नाही, क्लचमध्ये उत्पादनदोष निघाला तर आहे. वॉरंटी कंपनीचीच आहे हेही लेखी मिळालं. एप्रिलचं जॉबकार्ड शोधलं, तर त्यावर फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं! सोमवारी गाडी पुन्हा नेली, इशाऱ्याचा मजकूर शब्दशः लिहून घेतला आणि मगच सही केली.

दोन वर्षांची वॉरंटी घेतेय. विम्याच्या नूतनीकरणाला इंजिन प्रोटेक्शनही घालणार आहे. आमच्याच गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांशी बोलून ठेवलंय, गाडी नसेल त्या दिवशी ते सकाळी नेतील आणि दुपारी आणायलाही येतील. गेल्या गुरुवारी मुद्दाम त्यांच्याबरोबर एक फेरी करून पाहिली. बाबांना रिक्षात चढायला दाराशी छोटा पाट ठेवावा लागतो, तो त्यांनी स्वतःहून आणला.