भूतानने कॅनबेरातच दूतावास का उघडला? लहान देश जागा कशी ठरवतात?

सह्यकडा: भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. सुरक्षा परिषदेच्या पाचही स्थायी सदस्यांशी राजनैतिक संबंध नाहीत. दूतावास मोजकेच: दिल्ली, ढाका, बँकॉक, कुवेत, ब्रसेल्स. मग २०२१मध्ये कॅनबेरा कसं आलं? निकष काय लावतात?

फाइलबाबू: आधी ‘कुठे नको’ ते ठरतं. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ५ प्रमाणे एकच राजदूत अनेक देश सांभाळू शकतो, फक्त संबंधित देशाची हरकत नको. भूतानचा दिल्लीतला राजदूत नेपाळचंही बघतो. ज्यांच्याशी वर्षाकाठी चार पत्रांचाच व्यवहार, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचं संयुक्त राष्ट्रांतलं कार्यालय पुरतं. दूतावास तिथेच, जिथे माणूस हजर नसला की काम अडतं. ऑस्ट्रेलियात भूतानी विद्यार्थी आणि नोकरदार हजारोंनी गेले. पासपोर्ट, जन्मनोंदणी, मृतदेह मायदेशी पाठवणं, हे दुसऱ्या देशात बसून निभत नाही.

सह्यकडा: पण त्यांतले बरेचसे पर्थमध्ये आहेत ना?

शिक्कामोर्तब: हो, आणि पर्थ कॅनबेराहून ३,००० किमीपेक्षा लांब. पण सरकार कॅनबेरात, म्हणून दूतावासही तिथेच. दुसऱ्या शहरात त्याची शाखा काढायची तर कलम १२ प्रमाणे आधी यजमान देशाची स्पष्ट परवानगी लागते. मानद वाणिज्यदूत नेमणं स्वस्त, पण तो सहसा तिथलाच व्यावसायिक. पासपोर्टसाठी बोटांचे ठसे घेण्याचं काम त्याच्यावर सोपवायला सरकारं कचरतात. त्यापेक्षा फिरता कॅम्प बरा: दोन अधिकारी, ठसे घ्यायचा संच, भाड्याचं सभागृह. मात्र अर्ज आधी ऑनलाइन तपासून घ्या, नाहीतर अपुऱ्या कागदांपायी रांगेतली माणसं हात हलवत परत जातात.

ताळेबंद: खर्चाचंही बघा. कचेरीच्या भाड्यापेक्षा मायदेशातून पाठवलेला माणूस महाग पडतो: घरभाडं, मुलांची शाळा, विमा, रजेचं विमानभाडं. तरी एकट्या राजदूतावर भागवू नये. तो रजेवर गेला की प्रभारी व्हायला राजनैतिक दर्जाचं कोणी उरत नाही. कलम १९ प्रमाणे कारकुनाला, तेही यजमान देशाच्या संमतीने, फक्त कार्यालयीन कामकाज बघता येतं. राजदूत, त्याच्या खालोखाल एक, हिशेब-पासपोर्टला एक आणि स्थानिक ड्रायव्हर, एवढं तरी हवंच.

खरी मेख चलनात. भूतानचं चलन न्गुल्ट्रुम भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेलं, त्यामुळे दिल्लीतल्या दूतावासाच्या अंदाजपत्रकाला विनिमय दराची धास्ती नाही. कॅनबेराचं भाडं ऑस्ट्रेलियन डॉलरात. रुपया घसरला की जूनअखेर भूतानचं आर्थिक वर्ष संपण्याआधीच तरतूद संपते.

फाइलबाबू: राजदूताचं नाव पूर्वसंमती मिळेपर्यंत गुप्त ठेवतात. कलम ४ प्रमाणे यजमान देश कारण न देता नकार देऊ शकतो, आणि नाव आधी फुटलं तर शोभा होते. भाडेकरारात राजनैतिक कारणाने मुदतीआधी जागा सोडण्याची अट घालून घ्या. ती नसेल तर दूतावासाला टाळं लागल्यावरही भाडं भरत बसावं लागतं.